कानातली बाळी

मी जेवायला त्रास दिला की आजी दाराकडे बोट दाखवायची. ‘तो बघ पोतेवाला आला. घालील पोत्यात आणि नेईल.’ दारात कुणीच नसायचं. पण पाठीवर ओझं घेऊन गावात येणारी माणसं होतीच, त्यामुळे धमकी पोकळ वाटायची नाही. भंगारवाला होता, केसांवर भांडी देणारी बाई होती, सुया-पोत विकणाऱ्या होत्या, वर्षातून एकदा येणारा कल्हईवाला होता. शेवटचा घास तोंडात घोळवत मी विचार करायचे, यातला नेमका कोण? पोत्यात काय असतं हे आजीलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्या पोत्याचा काही उपयोगच झाला नसता.

पुढे कधीतरी वाचलं की जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेनेही असा एक माणूस पाहिला होता. ती लहान असताना, पाठीवर गाठोडं घेतलेला एक विणकर. ती आठवण एके दिवशी अचानक वर आली आणि तिच्यातून गोष्ट सुचली, असं तिनेच आपल्या प्रकाशकाला कळवलं होतं. ती गोष्ट म्हणजे १८६१ साली आलेली ‘सायलस मार्नर’.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला ही कादंबरी आम्हाला नेमलेली होती. मूळ पुस्तक थोडं आणि गाईड बरंच, अशा प्रमाणात आम्ही ती वाचली. गाईडात विणकर सायलस म्हणजे कंजूष, त्याने वाढवलेली पोर एपी म्हणजे त्याचा उद्धार, आणि ‘गेलेल्या सोन्याच्या जागी सोनेरी केस’ हे वाक्य जाड ठशात. परीक्षेत तेच लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला. गेल्या पावसाळ्यात माळा आवरताना ते पुस्तक हाती लागलं. पानं पिवळी पडलेली, समासात माझ्याच अक्षरात ‘इम्पॉर्टंट’. उभ्याउभ्या चाळायला घेतलं आणि पहिल्याच प्रकरणात अडकले. माळा तसाच राहिला.

पहिल्या पानावर एक कुत्रा आहे. थंडीतली संध्याकाळ, टेकाडावरून ओझ्याखाली वाकलेला एक फिकुटलेला माणूस चाललाय आणि धनगराचा कुत्रा त्याच्यावर भुंकतोय. कुत्र्याला गाठोड्याखाली वाकलेली आकृती आवडत नाही, यात कुत्र्याची काही चूक नाही. पण धनगर काय विचार करतो पाहा. गाठोड्यात सूत नाहीतर कापड असणार, हे त्याला चांगलं कळतं. तरीही हा विणकामाचा धंदा सैतानाच्या मदतीशिवाय निव्वळ हातांनी होत असेल, याची त्याला खात्री वाटत नाही. म्हणजे माहिती आहे, आणि तरी संशय आहे. आपण सहसा म्हणतो की माहिती द्या, गैरसमज जाईल. एलियटबाई सुरुवातीलाच सांगून ठेवतात की एवढं सोपं नाही.

सायलस येऊन राहतो ते रॅव्हलो हे गाव गरीब नाही, हेही मला या वेळी पहिल्यांदा जाणवलं. गाव काल्पनिक आहे, पण बाईंनी ते आपल्या ओळखीच्या मधल्या इंग्लंडात, चांगल्या सुपीक मुलखात वसवलंय. जमीन पिकते, चर्च देखणं आहे, सणाला खाण्यापिण्याची रेलचेल असते. फक्त हमरस्ता घोड्यावरून तासाभराच्या अंतरावर. घोडागाडीच्या शिंगाचा आवाज तिथवर पोचत नाही आणि लोक काय म्हणतात तेही पोचत नाही. काळ नेपोलियनच्या लढायांचा, पण त्या लढायांचं गावाला कौतुक एवढंच की धान्याला भाव चांगला मिळतो. इथल्या माणसाला शहाणपण म्हणजे हवेचा अंदाज बांधता येणं. त्याहून जास्त हुशारी दिसली की माणसं सावध होतात. जीभ चुरूचुरू चालणारा असो की बोटं भराभर चालवणारा, एवढं कौशल्य आलं कुठून? आणि मुख्य म्हणजे हा कोणाचा कोण? याच्या आईबापांना ओळखणारा निदान कुणी आपल्या ओळखीचा हवा की नको? आपल्याकडे नवा माणूस ओसरीवर टेकला, पाण्याचा तांब्या पुढे गेला की दुसरा प्रश्न ‘कुणापैकी?’ असतो. रॅव्हलोला सायलसच्या बाबतीत ‘कुणापैकी’चं उत्तर मिळालं नाही. पंधरा वर्षं मिळालं नाही.

मग त्या रिकाम्या जागेत लोकांनी आपल्याकडचं भरलं. सायलसचे डोळे मोठे, तपकिरी, बाहेर आल्यासारखे. मागाची खटखट ऐकून गावातली पोरं खिडकीला नाक लावायची. तो माग थांबवून दारात यायचा आणि त्यांच्याकडे रोखून बघायचा. पोरं धूम ठोकायची. त्या नजरेने हातापायांत गोळे येतात, मुडदूस होतो, तोंड वाकडं होतं, अशी त्यांची पक्की समजूत. वस्तुस्थिती एवढीच की सायलसला लांबचं दिसत नव्हतं. डोळे तेवढे ताणूनही त्याला ती पोरं धड दिसत नसणार. पुस्तक मिटून मी जरा वेळ हसले. गावाचं सगळं भय एका चष्म्याच्या अभावावर उभं होतं.

त्याला हाकलून का दिलं नाही? कारण शेजारच्या टार्लीचा म्हातारा विणकर मेला होता आणि बायकांना तर सूत विणून हवं होतं. माणूस नको, कापड हवं. हा व्यवहार आपल्याला अपरिचित नाही.

आता सॅली ओट्सची गोष्ट. गाईडात ती दोन ओळींत होती. मला विचाराल तर कादंबरीचा गाभा तिथे आहे. सॅली चांभाराची बायको. तिच्या अंगावर पाणी चढलेलं, काळीज धडधडतंय. सायलस जोडे घेऊन तिथे जातो आणि दचकतो, कारण त्याची आई याच लक्षणांनी गेली होती. आईला फॉक्सग्लोव्हच्या पानांनी काही काळ आराम पडला होता हे त्याला आठवतं. वनस्पती ओळखायला तिनेच त्याला शिकवलेलं. तो सॅलीला म्हणतो, थांब, मी काहीतरी आणतो. सॅलीला बरं वाटतं. गावात आल्यापासून पहिल्यांदा त्याला आपल्या मागच्या आयुष्याचा आताच्याशी काही धागा जुळल्यासारखा वाटतो.

आणि इथेच घात होतो. टार्लीची जाणती बाई, म्हणजे मंत्रतंत्र करणारी, वारलेली होती. तिची जागा रिकामी. दुसऱ्या दिवसापासून सायलसच्या दारात रांग. कुणाच्या पोराला डांग्या खोकला, कुणाचे सांधे धरलेले, कुणाला नुसता मंत्र हवा. तळहातावर चांदीचं नाणं ठेवून आलेले लोक. सायलसला पैशाचा मोह आहे, पण खोटेपणा त्याच्याच्याने होत नाही. मला मंत्र येत नाही, असं तो खरं ते सांगतो. आधी शांतपणे, मग वैतागून, मग एकेकाला घालवून देत. लोक काय समजले? येतं याला सगळं, पण करायचं नाही. त्यानंतर गावात ज्याला ज्याला ठेच लागली त्या प्रत्येकाने ती सायलसच्या नावावर टाकली. दया केली म्हणून माणूस आणखी एकटा पडला.

हे वाचताना मला विल्यम विदरिंग आठवला. तोही मधल्या इंग्लंडातला, पेशाने डॉक्टर. अंगावर पाणी चढण्यावर श्रॉपशायरमधली एक म्हातारी गुप्त ठेवत आलेली औषधी १७७५ मध्ये त्याच्याकडे मत द्यायला आली. वीसेक पाल्यांचं ते मिश्रण होतं. त्यातला खरा गुण फॉक्सग्लोव्हचा, हे त्याने ताडलं, दहा वर्षं रोग्यांवर मात्रा बसवली आणि १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच कुळातल्या वनस्पतीपासून निघणारं डिजॉक्सिन डॉक्टर अजून हृदयाच्या काही रोग्यांना लिहून देतात. म्हणजे सायलसच्या आईला ठाऊक होतं ते औषध खरं होतं. तेच पान डॉक्टरच्या हातात विद्या झालं, पाठीवर गाठोडं असलेल्याच्या हातात चेटूक.

सायलस मुळात त्या गावात आला कसा, ते थोडक्यात. उत्तरेकडच्या एका शहरातल्या लँटर्न यार्ड नावाच्या गल्लीत एक छोटा, कडक पंथ होता, तो त्यातला. मरणाच्या दारातल्या एका वडीलधाऱ्याजवळ जागरण करताना पैशाची पिशवी गेली. जिवलग मित्र विल्यम डेननेच ती लांबवून आळ सायलसवर आणला. पंचांनी न्याय कसा केला? देवाचं नाव घेऊन चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीने सायलसला चोर ठरवलं. वाङ्‌निश्चय झालेली मुलगी महिना उलटताच त्या मित्राच्या घरात गेली. तेव्हा परक्यांनी त्याला छळलं त्याच्या आधी घरच्यांनी छळलं होतं, आणि ते त्याला नावानिशी ओळखत होते. अधूनमधून त्याचं अंग ताठ व्हायचं, शुद्ध हरपायची; लँटर्न यार्डला त्यात देवाची कृपा दिसायची. रॅव्हलोत जेम रॉडनीने त्याला तसाच काठड्याला टेकून ताठ उभा पाहिला, तर गावात चर्चा ही की याचा आत्मा घरट्यातल्या पाखरासारखा आतबाहेर करतो. आजार एकच.

आता चोरीचा प्रसंग. सायलसने साठवलेलं सोनं जातं. नेलेलं असतं गावच्या मोठ्या जमीनदाराच्या दुसऱ्या पोराने, डन्स्टन कॅसने. पण गावाला ते सोळा वर्षं कळत नाही. सायलसच्या घराशेजारी दगडाची जुनी खाण आहे, तिच्याजवळच्या चरात चकमकीची एक डबी सापडते. त्यावरून हॉटेलवाल्या स्नेलसाहेबांना आठवतं की महिन्यापूर्वी एक फेरीवाला येऊन गेला होता आणि बोलता बोलता चकमकीचं काहीतरी म्हणाला होता. झालं. रंगाने परदेशी वाटणारा होता. नजर काही बरी नव्हती. मग चर्चचे पाद्री, ज्यांना परदेशी चालीरीतींची थोडी माहिती, ते विचारतात: त्याच्या कानात बाळ्या होत्या का?

प्रश्न साधा. पण तो ज्याच्या कानावर पडला त्याच्या मनात फेरीवाल्याचं बाळ्यांशिवायचं ठसठशीत चित्र नव्हतं; म्हणून लगेच बाळ्यांसकट चित्र उभं राहिलं. काचकाम करणाऱ्याची बायको, जिचं घर गावातल्या सगळ्यांत लख्ख घरांपैकी एक, खोटं बोलणं जिच्या स्वभावात नाही, ती शपथेवर सांगायला तयार झाली की मोठ्या होत्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या, दोन्ही कानांत. चांभाराची मुलगी जिनी ओट्स जरा जास्त कल्पक. तिने त्या पाहिल्या होत्याच, वर त्या पाहून तिच्या अंगावर काटाही आला होता. (सॅलीच्याच घरातली ही. उपकाराची आठवण किती टिकते, त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.)

यात कुणीही खोटारडं नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, उलटतपासणी घेता येते. लख्ख घराची ती बाई मात्र मनापासून सांगत होती.

एकट्या गॉडफ्री कॅसने वेगळं सांगितलं. त्याने त्या फेरीवाल्याकडून चाकू विकत घेतला होता. हसतमुख माणूस होता हो, वाईट नजर वगैरे सगळं काहीतरीच, असं तो म्हणाला. ज्याने समोर उभं राहून चार पैशांचा व्यवहार केला, त्याला माणूस दिसला. गावाने ते पोरकटपणात जमा केलं. आणि बाईंची खोच अशी की खरा चोर या गॉडफ्रीचाच सख्खा भाऊ.

सायलसचं काय? चोरी झाल्या रात्री तो पावसात भिजत गुत्त्यात शिरला तेव्हा आधी त्याने जेम रॉडनीवर बोट ठेवलं होतं. मग त्याला आपल्यावर आलेला आळ आठवला आणि त्याने जेमची माफी मागितली. ते दृश्य सुंदरच आहे. पण फेरीवाल्याचा विषय निघाला तेव्हा सायलस काय करतो? फेरीवाला दाराशी आला होता, नको म्हटल्यावर निमूट गेला, याहून अधिक त्याला काही सांगता येत नाही. तरीही तोच चोर या कल्पनेला तो बुडत्याने काडी धरावी तसा धरतो. खोट्या आळाने उद्ध्वस्त झालेला, पंधरा वर्षं ‘परका’ हे नाव सोसलेला माणूस. त्यालाही आपल्याहून परका कुणीतरी मिळाला की हायसं वाटतं. गाईडात हे कुठेच नव्हतं. तीस वर्षांनी मला ते दिसलं आणि सायलस कमी आवडला, आणि खरा वाटला.

ही पानं वाचली त्या रात्री मला राईनपाडा आठवत राहिला. धुळे जिल्हा, साक्री तालुका. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असं त्या महिन्यात मोबाइलवर सगळीकडे फिरत होतं. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना लोकांनी पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. बहुतेक सोलापूरकडचे, मंगळवेढा भागातले. आपल्याकडचीच माणसं, मराठी बोलणारी, पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरणारी. त्यांच्याजवळ आधारकार्डं होती की नव्हती याने काय फरक पडणार होता? ती आली त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं चित्र तयार होतं. पोतं, पाठीवर. मूल, पोत्यात. ते चित्र मोबाइलने काढलं नाही. ते मला भाताच्या घासाबरोबर मिळालं होतं.

पुढची कादंबरी सगळ्यांना ठाऊक असते. थर्टीफर्स्टच्या रात्री बर्फात आई गारठून मरते आणि तिची दोन वर्षांची पोर, तीच एपी, उघड्या दारातून सायलसच्या शेकोटीपाशी येऊन झोपते. गाव बदलतं ते मात्र त्याच्या आधीपासून, आणि एकदम नाही. सोनं गेलेला सायलस दीनवाणा दिसतो, म्हणून लोक डुकराच्या मांसाचे पदार्थ पाठवतात. चर्चचा म्हातारा कारकून मेसी येऊन तोंडावर सांगतो की तू दिसतोस तेवढा वाईट नाहीस. सांत्वनाची ही तऱ्हा मला आमच्या गावाकडची वाटली.

माझी लाडकी मात्र डॉली विन्थ्रॉप. ती चरबी घालून भाजलेल्या वड्या घेऊन येते. त्यांवर तिने आय-एच-एस ही अक्षरं टोचलेली. चर्चमध्ये पाहिलेली, म्हणजे चांगलीच असणार. अर्थ तिला ठाऊक नाही, तिला वाचताच येत नाही. सायलसला वाचता येतं, पण अर्थ त्यालाही लागत नाही. रविवारी माग चालू असतो हे पाहून ती विचारते, सकाळच्या चर्चच्या घंटा तुम्हाला ऐकू आल्या नाहीत का? तो म्हणतो, चर्चचं मला काही माहीत नाही, मी कधी गेलोच नाही. दोघांचा धर्म एकच, देव एक, पुस्तक एक. तरी दोघं दोन वेगळ्या ग्रहांवरून आल्यासारखी एकमेकांकडे बघतात. मग डॉली काय करते? वाद घालत नाही. पोरीला आंघोळ कशी घालायची ते दाखवते, आपल्या मुलाचे जुने कपडे आणून देते. सायलसचा भूतकाळ तिला पुढे हळूहळू कळतो, तोही अर्धाच उमगतो. गावाला तर तेवढाही नाही.

एलियटबाईंना हे सगळं आतून माहीत होतं, असं मला वाटतं. मूळ नाव मेरी ॲन इव्हान्स, जन्म १८१९, वॉरिकशायर. कादंबऱ्या लिहिल्या त्या पुरुषाचं नाव घेऊन. जॉर्ज हेन्री लुइस यांच्याबरोबर लग्नाशिवाय संसार केला. १८५७ मध्ये घरी कळवलं तेव्हा सख्ख्या भावाने, आयझॅकने, बोलणं टाकलं. १८८० मध्ये, लुइस गेल्यावर, तिने रीतसर दुसऱ्या माणसाशी लग्न केलं तेव्हा भावाचं अभिनंदनाचं पत्र आलं. त्याच वर्षी डिसेंबरात ती वारली.

कादंबरीच्या शेवटाकडे त्या दगडखाणीत साठलेलं पाणी आटतं आणि डन्स्टनचा सांगाडा सोन्यासकट सापडतो. सोनं परत मिळतं, एपीचं लग्न होतं, बाग फुलते. मी शेवटची पानं दोनदा उलटून पाहिली. एवढ्या आनंदात त्या फेरीवाल्याचं नाव कुणी काढत नाही. त्याला शोधायला तेव्हा माणसं गेली होती. पण वर्णन इतक्या फेरीवाल्यांना लागू पडत होतं की शोध तिथेच विरला. नशीबवान म्हणायचा.

आमच्या कल्हईवाल्याचा विषय राहिला. तो दिवाळीच्या आधी यायचा. अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणायचा, त्यात कोळसे घालून भात्याची नळी जमिनीखालून आणायचा. त्याच्याबरोबरचा पोरगा पातेल्यात उभा राहून वाळूने पाय फिरवत ते घासायचा, कमरेतून असा वळायचा की नाचतोय असं वाटावं. मग तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट, पांढरा धूर, नाकात झणझण, कथलाची कांडी नुसती टेकवल्यासारखी करायची आणि कापसाचा बोळा एकदा गर्रकन फिरवायचा. पिवळं पातेलं आतून चांदीचं व्हायचं. पाण्यात बुडवलं की चर्र. मी तासन्‌तास समोर उकिडवी बसायचे. आजी ओसरीवर बसून भांडी मोजायची आणि कोळशाने भिंतीवर रेघा ओढायची. दिलेल्याच्या वर, आलेल्याच्या खाली.

एका वर्षी खाली एक रेघ कमी पडली. पितळेचं एक फुलपात्र. त्याने सगळं पोतं अंगणात ओतून दाखवलं: सांडशी, भाता, कांड्या, पोराचा सदरा, भाकरी. पोत्यात काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. आजीने पैसे कापून दिले. चार महिन्यांनी फुलपात्र गव्हाच्या कोठीत तळाला निघालं. काकूने माप म्हणून टाकलं होतं. आजीने ते धुऊन फडताळात ठेवलं. पुढच्या दिवाळीला तो दारात आला तेव्हा तिने तिथूनच हात हलवला, नको म्हणाली. मी म्हटलं, अगं आजी, सापडलं ना पण. ती म्हणाली, ‘ते नसेल नेलं. दुसरं काही नेलं असेल.’

परवा आईशी फोनवर इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, ‘आई, तो कल्हईवाला आठवतो? त्याच्या कानात काही होतं का गं?’

‘होती की,’ आई म्हणाली. जराही थांबली नाही. ‘चांदीची बाळी. एकाच कानात.’

‘नक्की?’

‘अगं नक्की म्हणजे काय, भाता मारायला लागला की हलायची.’

मला त्याचे हात आठवतात. काळे पडलेले, नखांत कथील गेलेले. पोराचे पायसुद्धा आठवतात. कान आठवत नव्हते. फोन ठेवून पुन्हा पुस्तक उघडलं तर वाचण्यात लक्ष लागेना. अंगण, खड्डा, पांढरा धूर, त्यातून भात्यावर वाकलेला तो. आणि कानात बाळी, हलणारी.